धुराची वाट पाहणारा अंधार

कारागिराचे काम बहुधा वापरात पारखले जाते. दार कुरकुरले की सुतार कळतो, नळ ठिबकू लागला की प्लंबर. कार्यालयाच्या छतावर स्मोक डिटेक्टर बसवणाऱ्याचे काम मात्र वर्षानुवर्षे छताला चिकटून राहते आणि नशीब चांगले असेल तर एकदाही कामाला येत नाही. नीट बसवलेला डिटेक्टर गप्प असतो. आतून बंद पडलेला, रंगाऱ्याच्या ब्रशाने जाळी बुजलेला, तार तुटलेला डिटेक्टरही तितकाच गप्प असतो. खाली खुर्चीत बसलेल्याला या दोन्ही शांतता सारख्याच वाटतात. त्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून या धंद्यातल्या जाणत्या माणसांनी ज्या युक्त्या घडवल्या, त्या मला फार मोहवतात. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही व्यापारी इमारतीत मान वर केली की त्या वाचता येतात. फक्त कुठे पाहायचे ते ठाऊक हवे.

आधी डिटेक्टरच्या पोटात डोकावू. पांढरे झाकण काढले की काळ्या प्लॅस्टिकची एक छोटी कोठडी दिसते. तिच्या कडेने वाकड्या पात्यांची रांग असते. पाती एकमेकांआड अशी रचलेली असतात की हवा वळसे घेत आत यावी, पण बाहेरच्या उजेडाला सरळ वाट मिळू नये. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मधे दडवून येणाऱ्याला वळायला भाग पाडणारी जी गोमुखी रचना आहे, तीच बुद्धी इथे अंगठ्याएवढ्या जागेत उतरली आहे. आत एक अवरक्त एलईडी थोड्या थोड्या वेळाने क्षणभर उजळतो. प्रकाश टिपणारा फोटोडायोड त्याच्या समोर नसतो; तो बाजूला, कोनात बसवलेला असतो. कोठडीत स्वच्छ हवा असली की किरण समोरच्या काळ्या भिंतीत विरतो. धूर शिरला की कणांवर आपटून तो चहूकडे फाकतो आणि त्यातला काही भाग फोटोडायोडपर्यंत पोहोचतो. हवेतल्या कणांवरून प्रकाश असा विखुरतो, हे एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल यांनी प्रयोगांनी दाखवून दिले होते. एका चमकेत काही दिसले म्हणून डिटेक्टर लगेच बोंब ठोकत नाही; पाठोपाठची मोजमापेही तेच सांगतात का, हे पाहून मगच बोलतो.

पण या कोठडीतली सर्वांत सुंदर गोष्ट पहिल्या वाचनात निसटते. काळी भिंत कधीच पूर्ण काळी नसते. स्वच्छ हवेतही पुसटसा प्रकाश परतून फोटोडायोडवर पडतो. एखाद्याने हा दोष मानून तो नाहीसा करण्याचा खटाटोप केला असता. इथे त्याच पुसटशा उजेडाला कामाला लावले आहे. अपोलो या ब्रिटिश कंपनीच्या एक्सपी९५ मालिकेत स्वच्छ हवेचे वाचन २५च्या आसपास धरले आहे आणि ५५ला आगीची सूचना. मग वाचन शून्याकडे घसरले तर? त्याचा अर्थ ‘हवा अतिशय स्वच्छ’ असा होत नाही. एलईडी गेला किंवा फोटोडायोड आंधळा झाला, असा तो अर्थ, आणि सगळे डिटेक्टर ज्याला जोडलेले असतात ते पॅनेल तो दोष म्हणून जाहीर करते. ज्या यंत्राने निखळ शून्याला आजार मानले, त्याच्या रचनाकाराला मी मनापासून दाद देतो.

या प्रकाशाच्या जातीचा एक थोरला भाऊ होता, आयनीभवनाचा डिटेक्टर. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण करू पाहत होते. वायूने काही होईना. त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने उपकरणातला विद्युतप्रवाह घटला, अशी त्याच्या जन्माची कथा सांगतात. त्याच्या पोटात अमेरिशियम-२४१चा कण असतो. भडकलेल्या ज्वाळेचा अतिसूक्ष्म धूर तो चटकन हेरतो. धुमसणाऱ्या आगीचा जाड कणांचा धूर मात्र प्रकाशाच्या डिटेक्टरला आधी कळतो. सुमारे ४३२ वर्षांचा अर्धायुकाल असलेले द्रव्य भंगारात टाकता येत नाही. आपल्याकडे त्याच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. कार्यालयांतल्या आगी पुष्कळदा केबल, फोम, कागद अशा धुमसणाऱ्या गोष्टींतून उठतात, त्यामुळे आज छतावर दिसतो तो बहुधा धाकटाच.

आता जागा. इथे या विद्येचा खरा रस आहे, कारण जागा ठरवणारा माणूस उपकरणाचा विचार बाजूला ठेवून हवेचा विचार करतो. तापलेला धूर वर चढतो, छताला थडकतो आणि छताखाली पसरत जातो. तो किती दूरवर दमदार राहील, यावरून अंतर ठरते. बीएस ५८३९ ही ब्रिटिश संहिता सपाट छताखाली कुठलाही बिंदू स्मोक डिटेक्टरपासून आडव्या अंतराने ७.५ मीटरच्या आत असावा, असे सांगते. म्हणजे प्रत्येक डिटेक्टरभोवती ७.५ मीटर त्रिज्येचे एक वर्तुळ. अर्धवट माहितीचा माणूस यावरून दोन डिटेक्टरांमध्ये १५ मीटर सोडतो आणि वर्तुळांच्या मधल्या चौकोनी फटीत जमीन उघडी टाकतो. जाणता माणूस वर्तुळात मावणारा चौरस काढतो: बाजू सुमारे १०.६ मीटर, भिंतीपासून अंतर त्याच्या निम्मे. मग तीन मीटर रुंदीच्या मार्गिकेत शिरताच तोच माणूस हिशेब बदलतो. अरुंद पट्टीत वर्तुळाचा लांबट भाग कामी येतो, म्हणून तिथे १४.७ मीटरपर्यंत जाता येते. दोन्हींचा नियम एकच, भूमितीही एकच, पण छतावर उमटलेले अंतर वेगळे. ज्या इमारतीत दालनातले आणि मार्गिकेतले डिटेक्टर वेगवेगळ्या लयीत आहेत, तिथे कोणीतरी कंपास घेऊन बसले होते, एवढे नक्की.

भूमितीनंतर खोडसाळ हवा. वातानुकूलनाच्या झरोक्यातून पडणारा थंड झोत धुराला डिटेक्टरजवळ फिरकूच देत नाही, म्हणून झरोक्यापासून किमान एक मीटर दूर. तुळई खाली उतरलेली असेल तर धूर आधी तिच्या अलीकडचा कप्पा भरतो. तुळईची खोली छताच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक झाली की ब्रिटिश संहिता तिला भिंतच समजते. उंच काचेच्या आवारात आणखी मौज आहे. उन्हाने तापलेली हवा छताखाली गादीसारखी साचते. खालून येणारा धूर वाटेत थंडावत त्या गादीखालीच अडकतो. छताला चिकटलेला डिटेक्टर तेव्हा वर स्वच्छ हवेत बसलेला असतो आणि खाली धुराचा थर साचत असतो. तिथे प्रकाशकिरण सोडणारे बीम डिटेक्टर वेगवेगळ्या पातळ्यांवर आडवे लावतात. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये चांगला फिटर तो बीम पत्र्याला किंवा हलक्या पर्लिनला न लावता खांबालाच घट्ट धरतो. दुपारी पत्रा तापून फुगला की किरण समोरच्या, तो परत पाठवणाऱ्या आरशावरून सरकेल, हे त्याला आधीच दिसलेले असते. आणि कॅन्टीनमध्ये, पँट्रीच्या वाफेत तो स्मोक डिटेक्टर बसवतच नाही. तिथे ठरावीक तापमानाला, साधारण ५७ अंशांना, जागा होणारा हीट डिटेक्टर देतो. कुठे काय लावू नये हे कळणे, ही या कामातली फार मोठी समज आहे.

बसवण्याच्या बारकाव्यांतले दोन मला विशेष आवडतात. पहिला, डिटेक्टर ज्यावर बसतो त्या बेसच्या मागची वायर येण्याची वाट. फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीत हवेचा दाब खोलीतल्या दाबाहून अधिक असेल, तर त्या भोकातून हवा खाली झिरपते आणि नेमकी कोठडीत शिरून खालून येणाऱ्या धुराला मागे लोटते. डिटेक्टर चालू असतो, तारा ठीक असतात, चाचणीचे चुंबक लावले की दिवाही लागतो. धुराला मात्र आत यायला जागाच नसते. म्हणून नीटस काम करणारा माणूस ते भोक सील करतो. हे सील पुढे कोणालाही दिसत नाही, आणि तरीही तो ते करतो. दुसरा बारकावा दिव्याचा. डिटेक्टरवरचा लाल दिवा कुठल्या बाजूला येईल, हे बेसवरच्या खुणेवरून ठरवता येते. चांगला माणूस तो दाराकडे वळवतो. सुरक्षारक्षक दार उघडून उभा राहताच कुठला डिटेक्टर लागला ते त्याला उंबऱ्यावरूनच दिसावे. धूर कोंडलेल्या खोलीत फिरून शोधावे लागू नये.

तारा जोडण्याची गोष्ट तर ऐकण्यासारखीच. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे अनेक डिटेक्टर एकाच तारेवर गुंफलेल्या झोनच्या यंत्रणेत, तारांच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर लावतात. पॅनेल त्याच्यातून थोडासा प्रवाह सतत सोडत राहते. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर पिवळा दोषदिवा लागतो. हा रेझिस्टर खऱ्या शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये हवा. तो पॅनेलमध्येच लावून टाकला तर पॅनेल अगदी खूश दिसते आणि बाहेरची सगळी तार कोणी कापून नेली तरी कळत नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट बेसच्या टर्मिनलवर दिसते. आलेली तार न तोडता, आवरण सोलून स्क्रूभोवती एक वेढा मारून तशीच पुढे नेली, तर काम लवकर होते. पण मग बेसमधली जोडणी सैल झाली, निसटली, तरी प्रवाह पुढे वाहत राहतो आणि पॅनेलला पत्ता लागत नाही. म्हणून येणारी तार इथे तोडायची, वेगळ्या स्क्रूला लावायची. जाणारी तार शेजारच्या स्क्रूला. मधला पूल बेसने स्वतः बनायचा. डिटेक्टरचे डोके बेसमधून काढले की तो पूल तुटलाच पाहिजे. अखंड तार मुद्दाम तोडणाऱ्या हाताला मी नमस्कार करतो. बेस उघडून दोन वेगळी, सारख्या लांबीची सोललेली टोके दिसली की त्या मजल्याचे बाकीचे काम कसे असेल याचा अंदाज येतो.

आजच्या ॲड्रेसेबल यंत्रणेत तार पॅनेलमधून निघते, मजल्यावरून फिरते आणि पुन्हा पॅनेलमध्येच परतते. मधे कुठे तुटली तरी दोन्ही बाजूंनी वीज पोहोचते. शॉर्ट झाली तर आयसोलेटर तेवढाच तुकडा वेगळा काढतात. प्रत्येक डिटेक्टरला आपला पत्ता असतो, आणि पत्त्यातही एक रसाळ जागा आहे. बऱ्याच बनावटींत तो डिटेक्टरच्या पाठीवरच्या छोट्या चकत्या फिरवून ठरवतात. अपोलोच्या पद्धतीत मात्र बेसमध्ये प्लॅस्टिकची एक चिपटी सरकवतात. तिच्यावर सात बारीक टोके: १, २, ४ असे दुपटीने ६४पर्यंत. हव्या त्या आकड्याप्रमाणे काही ठेवायची, काही मोडायची. डोके फिरवून बसवले की उरलेली टोके डोक्यातली बटणे दाबतात आणि डिटेक्टरला आपला क्रमांक कळतो. म्हणजे पत्ता डिटेक्टरचा नसून जागेचा. साफसफाईला काढलेली दहा डोकी उलटसुलट परत बसवली तरी ‘तिसरा मजला, लेखा विभाग’ तिसऱ्या मजल्यावरच राहतो. देखभाल करणारा कधीतरी थकलेला असेल, गोंधळेल, हे आधीच मान्य करून केलेली ही रचना आहे. माणसाच्या चुकीला इतक्या मायेने सामावून घेणारी चिपटी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली.

फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत, ती ८०० मिलिमीटरहून खोल असली की, आणखी डिटेक्टर लागतात. ते खालून दिसत नाहीत, म्हणून त्यांची खूण खाली रिस्पॉन्स इंडिकेटरच्या लाल दिव्याने दाखवतात. बाहेर ‘सीलिंगच्या वर’ असे लिहिलेले असले की बघावे, तो इंडिकेटर त्याच डिटेक्टरच्या बरोबर खाली आहे का. बहुतेकदा तो जवळच्या खांबावर, बसवायला सोपे पडेल तिथे असतो. बरोबर खाली दिसला तर समजावे, कोणीतरी शिडी पुन्हा हलवली आहे.

आता चाचणी. नवखा माणूस डिटेक्टरच्या ठरलेल्या जागी चुंबक धरतो, दिवा लागतो, हूटर वाजतो आणि कागदावर बरोबरची खूण पडते. पण चुंबकाने विद्युतमंडल जागे आहे एवढेच सिद्ध होते. हवा जाळीतून, वळशांतून कोठडीत पोहोचते का, हा प्रश्न तसाच राहतो, आणि धुराला शेवटी तोच एक रस्ता आहे. म्हणूनच अमेरिकेची एनएफपीए ७२ संहिता डिटेक्टर जागेवर असतानाच धूर किंवा त्यासाठीच तयार केलेला एरोसोल कोठडीत शिरतो का, हे तपासायला सांगते. चांगल्या जोडीचे हे काम पाहावे. एक जण लांब फायबरची काठी वर नेतो. टोकाला पारदर्शक पेला, त्यात एरोसोलचा डबा. पेला डिटेक्टरभोवती बसतो, एक छोटी फवार, आणि तो थांबतो. जास्त फवारले तर ओलसर थर कोठडीत बसून राहील, म्हणून तो घाई करत नाही. दुसरा जण पॅनेलपाशी वॉकी-टॉकी घेऊन उभा असतो. तो ‘वाजला’ एवढेच सांगत नाही. पडद्यावर आलेला पत्ता आणि ठिकाणाचे नाव वाचून दाखवतो. काठीवाला ते आपण उभ्या असलेल्या जागेशी पडताळतो. ‘पूर्व जिना’ असे नाव आले आणि तो पश्चिम जिन्यात उभा असेल, तर धूर बरोबर पकडला गेला तरीही हा डिटेक्टर नापास. ही जोडी वाचनाचा खरा अर्थ जाणते: रात्री तीन वाजता सुरक्षारक्षक धावत जाणार आहे तो त्या शब्दांच्या भरवशावर, दिव्याच्या नव्हे.

पुढे तपासायचे ते परिणामांचे जाळे. एका डिटेक्टरने वातानुकूलनाची हवा खेळवणारा एएचयू बंद व्हायला हवा, लिफ्टने तळमजल्यावर येऊन दारे उघडी ठेवायला हवीत, जिन्यात हवा भरणारे पंखे सुरू व्हायला हवेत, कार्डाने उघडणारी दारे मोकळी व्हायला हवीत. हे सगळे एका तक्त्यावर कारण-परिणाम म्हणून लिहिलेले असते. जाणती मंडळी आधी इमारतीला कळवून, एकेक परिणाम हातात धरून पाहतात, आणि सर्व्हर रूमच्या वायू सोडणाऱ्या यंत्रणेला मात्र आधी सुरक्षितपणे तोडून ठेवतात. तिथे दोन वेगळ्या झोनमधले डिटेक्टर एकत्र बोलल्याशिवाय सिलिंडर उघडू नये, अशी योजना असते. एकाच्या साक्षीवर एवढा मोठा निर्णय घ्यायचा नाही, हा विचार मला फार समंजस वाटतो.

देखभालीत धुळीची गोष्ट गुंतागुंतीची आणि म्हणूनच रंजक. काळ्या कोठडीवर धूळ बसली की भिंती करड्या होतात, अधिक प्रकाश परततो आणि वाचन हळूहळू चढते. म्हणजे मळलेला डिटेक्टर अधिक हळवा होतो, विनाकारण वाजू लागतो. पण तीच धूळ बाहेरच्या जाळीवर साचली की तो बहिरा होतो. एकाच मळाचे दोन उलटे परिणाम! पहिल्यासाठी आधुनिक यंत्रणेत एक शहाणपण आहे: वाचन आठवडे-महिने घेत चढले तर ती मळ मानून सूचनेची मर्यादाही तितकीच वर सरकवते, आणि मिनिटांत चढले तर आग. मळ एका हद्दीपलीकडे गेला की स्वच्छ करा असा निरोप देते. दुसऱ्यासाठी मात्र माणसाचा डोळा, मऊ ब्रश आणि व्हॅक्युमच लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात दिव्याकडे येणारे बारीक किडेही जाळीशी खेळतात. इमारतीचे बांधकाम चालू असताना डिटेक्टरवरची रंगीत प्लॅस्टिकची टोपी काढायची नाही, आणि ताबा देण्याआधी ती काढायला विसरायचे नाही. टोपीचा रंग मुद्दाम भडक ठेवलेला असतो तो या दुसऱ्या अर्ध्यासाठी.

कार्यालयात सत्यनारायण असतो, खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, गणपतीची आरती असते. धूप-कापराचा धूर डिटेक्टरला आगीच्या धुरापेक्षा वेगळा दिसत नाही. घाईचा उपाय म्हणजे डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणे. ती पूजा संपली तरी तशीच राहते. कधी कधी पुढच्या वर्षापर्यंत. देखणा उपाय असा: पूजेच्या जागेवरचा एवढाच पत्ता पॅनेलवरून काही तासांसाठी डिसेबल करायचा. पॅनेलवर त्याचा दिवा लागलेलाच राहतो, त्यामुळे विसरता येत नाही. तेवढा वेळ तिथे अग्निशामक सिलिंडर घेऊन एक माणूस उभा करायचा. देवाच्या धुरालाही मान आणि आगीच्या धुरावरही नजर, दोन्ही राहतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. बहुतेक ठिकाणी त्या दोन महिन्यांत घाईघाईने सह्या गोळा होतात. पण चांगल्या संस्थेची नोंदवही उघडून पाहा. तिथे ‘सर्व ठीक’ असे एका ओळीत लिहिलेले नसते. प्रत्येक पत्त्यापुढे स्वच्छ हवेतले वाचन लिहिलेले असते, आणि शेजारी मागच्या भेटीचे. समजा, चौथ्या मजल्यावरचे एक वाचन २६ वरून ३१, मग ३८ असे चढत गेले आणि शेजारचे सगळे जागच्या जागी आहेत. साधा माणूस ते एक डोके साफ करून मोकळा होईल. हा माणूस आधी शिडीवरूनच शेजारच्या झरोक्याकडे पाहतो, त्याच्या कडेला साचलेला करडा पट्टा बोटाने पुसून बघतो आणि वातानुकूलनवाल्याला फोन करून त्या डक्टचा फिल्टर बदलायला सांगतो. डिटेक्टर त्यानंतर साफ होतो. आणि नोंदवहीत त्या पत्त्यासमोर पुढची तपासणी जुलैची वाट न पाहता एप्रिलमध्येच करायची, असे लिहिले जाते.